चौथा फेरा

बारक्या निवृत्त झाला हे घराला टीव्हीवरून कळलं, आणि घराला निवृत्तीपेक्षा टीव्हीचाच राग जास्त आला.

लढतीनंतर दोन दिवसांनी घेतलेली मुलाखत, समोर माइकांचं झुडूप, खांद्यावर विजेतेपदाचा पट्टा, डोळ्याखाली अजून जांभळी सूज. बातमीदाराने विचारलं, "पुढची लढत कुणाशी?" आणि हा म्हणाला, "माझं झालं." जेवून उठणारा माणूस ताट सरकवताना म्हणतो, अगदी तसं. एकोणचाळीस लढती, एकोणचाळीस विजय, वय वर्षं सत्तावीस, नाक अजून सरळ. अशा माणसाचं झालं म्हणजे नेमकं काय झालं?

"पोटच्या पोराने आधी आईला सांगावं," वहिनी येईल त्याला ऐकवत होत्या. जणू आधी सांगितलं असतं तर त्यांनी पाठीवरून हात फिरवून 'बरं केलंस हो बाळा' म्हटलं असतं.

पेपरवाले कारणं शोधायला लागले. एकाने लिहिलं, लढायला आता कुणी उरलंच नाही. दुसऱ्याने लिहिलं, दर लढतीआधी वजन उतरवून पोरगा कंटाळला. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने तर गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा टेकवून सांगितलं की त्याला रक्त बघवत नाही. एकोणचाळीस जणांचं काढून झाल्यावर हा साक्षात्कार. विजेता हरला की लोकांना कारण लागत नाही; विजेता थांबला की गावभर वैद्य.

रविवारी सकाळी मास्तरने सगळ्यांना जिममध्ये बोलावलं. वर राहत्या खोल्या होत्या, खुर्च्याही होत्या. पण मास्तरला दोरांच्या आत उभं राहिल्याशिवाय शब्द फुटत नसे. या घरातल्या तीन भावंडांतला तो धाकटा. स्वतः आयुष्यात सात लढती लढला, त्यातल्या पाच हरला, आणि तेव्हापासून दुसऱ्याला कसं जिंकायचं ते शिकवत होता. बारक्याला त्यानेच घडवला. निदान त्याचं म्हणणं तसं होतं, आणि ते तो वरचेवर म्हणत असे.

जिमच्या मागे लाकडी फळ्यांची भिंत, भिंतीत एक चौकोनी खिडकी, आणि खिडकीमागे अक्काचं शिलाई मशीन. अक्का तिघांत थोरली. चाळीस वर्षं या घरातली प्रत्येक चड्डी, प्रत्येक झगा आणि हाताला बांधायची प्रत्येक सुती पट्टी तिच्या सुईखालून गेली होती. त्या सकाळी तिच्या मांडीवर काळ्या साटिनचा झगा होता आणि झग्याच्या पाठीवर सोनेरी दोऱ्याने भरलेला ४० चा आकडा. चार पूर्ण झाला होता. शून्य पाव राहिलं होतं.

हा आकडा घराच्या उरावर दोन पिढ्या बसून होता. आबांच्या चोवीस. थोरल्या मुलाच्या, म्हणजे बारक्याच्या बापाच्या, बापूच्या, छत्तीस. आबा मरताना म्हणाले होते, "या घरातून कुणीतरी चाळीस करील." मरणाऱ्या माणसाला काय, आकडा सांगितला की सुटला, मार खायला मागचे होतेच.

अक्काने झगा दुमडून मशीनखाली सरकवला आणि ती बाहेर आली.

सगळे जमले होते. वहिनी बाकावर, ताठ. त्यांच्या शेजारी जावईबुवा, मांडीवर कापडाची जाड गुंडाळी घेऊन. जावई पाट्या रंगवायचा. हात सुबक, तोंड फार. त्याची बायको, बारक्याची बहीण, कामावर होती म्हणून तो आज दोघांच्या वाटचं बोलणार हे उघड होतं. रिंगच्या कोपऱ्यातल्या लाल स्टुलावर बापू, मांडीवर पट्टीची गुंडाळी. बापूला सकाळी उठलं की पट्टी लागायची. लहान पोराला चिंधीची बाहुली लागते तशी.

बारक्या आणि सूनबाई सगळ्यात शेवटी आले. हे नाव त्याला पाळण्यात पडलं, कारण जन्मला तेव्हा तो मुठीएवढा होता. आता त्याची नुसती मूठच तेवढी झाली होती, नाव मात्र कुणी बदललं नाही. तो जमिनीवर बसला आणि टांगलेल्या पिशवीला पाठ टेकली. सूनबाई उभीच राहिली.

"मुद्द्याचं बोलू," मास्तर दोर धरून म्हणाला, आणि आबांपासून सुरुवात केली. आबांनी ही जागा कशी घेतली, भिंतीला चुना कसा स्वतः लावला, पहिली पिशवी भुशाने कशी भरली. वीस मिनिटांनी तो मुद्द्यावर आला. "एक लढत. एकच. समोरचा कोण आहे? पस्तिशीचा म्हातारा. डावा हात वर ठेवत नाही. तू तीन फेऱ्यांत घरी येशील. मग हो निवृत्त. चाळीसवर हो. मी स्वतः हार घालीन."

"कापड तयार आहे," जावई गुंडाळीवर थाप मारत म्हणाला. "बारा फूट. चाळीसचा आकडा माझ्या कमरेइतका आलाय."

"तुमची कंबर बघता मोठाच आला असणार," अक्का म्हणाली.

"आत्याबाई, थट्टा राहू द्या. लोक काय म्हणतात ऐकलंत? एकोणचाळीस हा काय आकडा आहे? पाटीवर कसा दिसतो? तीन आणि नऊ. एकमेकांकडे पाठ फिरवून भांडल्यासारखे."

"काका," बारक्या म्हणाला, "एक विचारू?"

"विचार ना."

"तुम्हाला काय वाटतं, मी का थांबलो?"

मास्तरने दोर सोडला. हा प्रश्न तो चार दिवस तोंडात घोळवत होता, कुणी विचारत नव्हतं एवढंच. "मला वाटतं, घाबरलास."

"हो."

मास्तरची पुढची तीन वाक्यं तयार होती, ती सगळी 'नाही' या उत्तरावर बेतलेली.

"कुणाला घाबरलास?" शेवटी त्याने विचारलं.

"सांगतो. आधी बाकीच्यांची कारणं होऊन जाऊ देत. चार दिवस मेहनत घेतलीय सगळ्यांनी."

वहिनींना तेवढंच हवं होतं. "माझं विचारशील तर हे सूनबाईचं काम आहे. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासते आणि घरी येऊन नवऱ्याचे उघडते. लग्नाआधी हा कधी 'दमलो' म्हणाला नव्हता. आता म्हणतो. आमच्या यांनी अंगात ताप असताना लढती मारल्या."

"आई, मी त्याला लढू नको असं एकदाही म्हटलं नाही," सूनबाई शांतपणे म्हणाली. "मी फक्त विचारलं, काल रात्री काय जेवलास. त्याला सांगता येईना."

"त्यात काय एवढं," जावई म्हणाला. "मलाही आठवत नाही."

"तुमची गोष्ट वेगळी, जावईबुवा," अक्का म्हणाली. "तुम्ही दोन घरी जेवता. आठवायचं तरी कुठलं?"

मास्तर हसला, वहिनीसुद्धा ओठांत हसल्या. अक्काला हे येत होतं. घर तापलं की ती एक टोमणा टाकायची, चुलीत पाण्याचा शिंतोडा टाकावा तसा. वाफ निघायची, चर्र व्हायचं आणि आग जिथल्या तिथे. आजही ती मास्तरच्याच बाजूची होती. एक लढत काय ती. पोराला काही झालेलं नाही. शून्य पाव राहिलंय.

"आता माझं ऐका," बारक्या म्हणाला. "मागच्या लढतीला मी आरशात अडकलो."

"हात्तिच्या!" मास्तर म्हणाला. "तेवढ्यावरून?"

या घरात हे वाक्य सगळ्यांना कळायचं, आणि सगळे त्यावर हसायचे. अक्काच्या आईने, आबांचे हात बांधताना वेढे चुकू नयेत म्हणून, आठ ओळी रचल्या होत्या. पट्टीच्या एकेका वेढ्याला एकेक ओळ.

पहिला गं फेरा, मनगटाच्या मुळाशी
दुसरा गं फेरा, बांध जरा बळाशी
तिसरा गं फेरा, अंगठ्याला वळसा
चौथा गं फेरा, तळहाती आरसा
पाचवा गं फेरा, बोटांमधून वाट
सहावा गं फेरा, हाडांना घाली गाठ
सातवा गं फेरा, माघारी ये घरी
आठवा गं फेरा, खोच टोक, पुरे करी

म्हातारीला जाऊन जमाना झाला, पण ओळी राहिल्या. सामन्याला नियमाप्रमाणे गॉज येवो की चिकटपट्टी, फेरे आठच आणि ओळी त्याच. ऐंशी ऐंशी किलोचे गडी, मानेच्या जागी खांदा असलेले, खाली मान घालून 'गं गं' करत हात बांधायचे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. घरचा रिवाज असा की डावा हात ज्याचा त्याने बांधायचा, उजवा घरच्या माणसाने.

आणि बापू चौथ्या ओळीवर अडकायचा. तळहाती आरसा, तळहाती आरसा, तळहाती आरसा. पट्टी संपेपर्यंत तळहातावरच वेढे. बोक्याच्या पंजासारखा गोळा व्हायचा. 'बापू आरशात अडकले' म्हणून सगळं घर हसायचं, आणि बापूही हसायचा, कारण सगळे हसताहेत म्हणजे काहीतरी गंमत असणार. पुढे हे घराचं बोलणंच होऊन बसलं. न्हाणीघरातून कुणी लवकर निघेना, अडकला आरशात. जावयाला पाटीवरचा रंग सुचेना, अडकले आरशात.

"आम्ही होतो की तिथे," मास्तर म्हणाला. "मी होतो, अक्का होती झग्याची दुमड टाचत. तू दोन-तीन वेढे जास्त घेतलेस. मी म्हणालो, बापाचाच पोर तू. सगळे हसलो. तूसुद्धा हसलास."

"मी हसलो, कारण तुम्ही हसलात," बारक्या म्हणाला. "मला पाचवी ओळ आठवत नव्हती, काका. वयाच्या चौथ्या वर्षापासून म्हणतोय मी ती. आणि त्या लढतीतलं पाचव्या फेरीनंतरचं मला काहीही आठवत नाही. मी जिंकलो हे मला दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं."

मग मास्तर अगदी मनापासून म्हणाला, "पण त्याच तर तुझ्या सगळ्यात चांगल्या फेऱ्या होत्या."

सूनबाईने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं तक्त्यावरचं पहिलं मोठं अक्षरही न दिसणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहावं.

"डॉक्टरने तपासलंय," मास्तर पुढे म्हणाला. "बॉक्सिंग बॉक्सिंग मंडळाचा डॉक्टर. शिक्का मारून दिलाय, ठणठणीत."

"त्याने पेन हलवलं आणि म्हणाला, याच्यामागे डोळे फिरव. मी फिरवले. मांजरही फिरवतं, काका."

"बरं, बरं." मास्तर दोरांखालून वाकून बाहेर आला. त्याच्या डोळ्यांत कोपऱ्यातली चमक आली होती, दोन फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात यायची ती. त्याने खुंटीवरची पट्टी काढली आणि बारक्याच्या मांडीवर टाकली. "बांध. इथे, सगळ्यांसमोर. अडकलास तर मी तोंडातून चकार शब्द काढणार नाही. नाही अडकलास, तर लढतीच्या करारावर सहीला चल."

"काका, हा काय खेळ आहे?" सूनबाई म्हणाली.

"खेळच आहे बाई. खेळावरच चाललंय घर."

बारक्याने पट्टी उचलली. अंगठा फासात घातला. वहिनींनी पदर तोंडाशी धरला. अक्का खिडकीच्या चौकटीला टेकून उभी होती आणि तिचे ओठ आपोआप हलायला लागले.

पहिला. दुसरा. तिसरा, अंगठ्याला वळसा. चौथा. पट्टी तळहातावरून गेली, एकदा. बारक्या थांबला. बाहेर रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मग पट्टी बोटांच्या बेचक्यात शिरली, पाचवा. आणि पुढचे तीन असे झरझर झाले की बघताना हात दिसेनात. टोक खोचलं गेलं. इतकी नेटकी पट्टी अक्काने आबांच्या हातीही पाहिली नव्हती.

"झाला निकाल," मास्तर म्हणाला.

वहिनींनी डोळे पुसले. "माझ्या पोराला काही झालेलं नाही. उगाच मेलं मनाला लावून घेतलं." जावयाने गुंडाळी उलगडायला घेतली, बारा फुटांतले चार फूट जमिनीवर आले आणि चारचा आकडा तांबडालाल होऊन पसरला. सूनबाई काहीतरी बोलायला गेली, पण ऐकायला कुणी नव्हतं.

अक्का मात्र बारक्याकडे बघत होती. त्याने बांधलेला हात समोर धरला होता, उलटसुलट करून पाहत होता. मग मूठ वळली. आपोआप वळली. आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते अक्काला ओळखीचं होतं. त्याला बरं वाटलं होतं. चार दिवस अंगावर घेतलेली भीती कुणीतरी खोटी ठरवली होती, आणि खोटी ठरलेली भीती दारूसारखी चढते.

"पस्तिशीचा आहे म्हणालात?" तो मास्तरला विचारत होता. "डावा हात खरंच खाली ठेवतो?"

"गुडघ्यात असतो म्हण."

"एकच ना, काका? मग नक्की पुरे?"

"आबांची शप्पथ."

तेवढ्यात रिंगच्या कोपऱ्यातून आवाज आला. "तळहाती आरसा," बापू म्हणत होता. पोराने पट्टी बांधली म्हणून त्यानेही घेतली होती बांधायला. "चौथा गं फेरा, तळहाती आरसा. तळहाती आरसा." पट्टी तळहातावर चढत होती, गोळा फुगत होता. "तळहाती आरसा."

"बापू आरशात अडकले," जावई म्हणाला, आणि घर हसलं. मास्तर हसला, वहिनी डोळे पुसता पुसता हसल्या. बारक्याही हसला, वळलेली मूठ मांडीवर आपटून हसला. सगळ्यांकडे बघून बापूपण हसला.

अक्काला हसू आलं नाही. ते येणार म्हणून तिने ओठ तयार ठेवले होते, पण आलंच नाही.

"बापू पहिल्यांदा अडकला," ती म्हणाली, "तेव्हा तो तीस वर्षांचा होता."

हसणं लगेच थांबलं नाही. ते जरा पुढे गेलं आणि मग मागे वळून बघायला लागलं.

"काय म्हणालीस?" मास्तरने विचारलं.

"तीस वर्षांचा. बत्तीस लढती झाल्या होत्या. तेहेतिसाव्या आधी, याच स्टुलावर. डावा हात बांधत होता. पट्टी संपेपर्यंत तळहातावरच. मी समोर बसले होते चड्डीला नाडी घालत. त्याने माझ्याकडे पाहिलं. चुकलेलं पोर बाजारात कुणाकडेही बघतं ना, तसं पाहिलं. आणि मी..." अक्काने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला काही सुचेना, म्हणून मी म्हणाले, बापू आरशात अडकला. ते वाक्य माझं आहे. मी हसले, म्हणून तुम्ही हसलात. लई विनोदी ना मी."

"अक्का, जुनं काय काढतेस," मास्तर म्हणाला. "तो जिंकला ती लढत."

"जिंकला. आणि दुसऱ्या दिवशी पट्टी कशी बांधली, ठाऊक आहे? अगदी अश्शी." तिने बारक्याच्या हाताकडे बोट केलं. "नजर लागावी अशी. पुढचे पंधरा दिवस एक वेढा चुकला नाही. मग आम्ही म्हणालो, बघा, थट्टा होती. चौतीस झाली, पस्तीस झाली, छत्तीस झाली. छत्तिसाव्यानंतर तो घरचा जिना चुकला."

वहिनी उठून उभ्या राहिल्या. या घरात त्या पंचवीस वर्षं बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या: मीठ, साखर, चहा. कपाटावर सदरे. दारावर बाहेर. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, मला बाई सगळं नीटनेटकं लागतं. बापूच्या सपातांवर 'डावी' आणि 'उजवी' अशी अक्षरं होती, निळ्या दोऱ्याने भरलेली. ती अक्कानेच भरून दिली होती.

"अक्का, तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"होतं."

"मला वाटायचं मीच काहीतरी चुकले. झोपेत त्यांना हाक मारली असेल, गरम-गार खायला घातलं असेल. देवाला विचारायचे मी. आणि तुम्ही तिथे त्या खिडकीत बसून सपातांवर अक्षरं भरत होतात."

"हो."

"तुमच्या विनोदावर मी पंचवीस वर्षं हसले."

वहिनी बाकाकडे परत न जाता चालत गेल्या, सूनबाईशेजारी जाऊन उभ्या राहिल्या, आणि तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "आणखी काय काय आठवत नाही त्याला?"

"किल्ल्या," सूनबाई म्हणाली. "आणि माझ्या आईचं नाव. दोनदा."

मास्तरने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. बाकावर आता एकटा जावई उरला होता, आणि तोही चारचा आकडा पायाने हळूच गुंडाळीत ढकलत होता. हरणारा माणूस शेवटच्या फेरीत डोळे मिटून हात फिरवतो तसा मास्तर फिरला.

"वा, अक्का. आज तुला कंठ फुटला. मग मशीनखाली काय आहे ते पण सांग की. काळ्या साटिनच्या झग्यावर सोनेरी चाळीस कोण भरतंय? मी?"

बारक्याने मान वळवली. "आत्या?"

अक्का आत गेली. झगा घेऊन आली आणि पाठीचा भाग वर करून तिने तो रिंगच्या कडेवर पसरला, सगळ्यांना दिसेल असा. सोनेरी चार झळकला. अपुरं शून्य घोड्याच्या नालासारखं उघडं होतं.

"मीच," ती म्हणाली. "मंगळवारी तू 'झालं' म्हणालास आणि बुधवारी मी दोरा आणला. म्हटलं, पोरगं चार दिवस रुसेल आणि येईल. मला वाटलं, बापूचं जे राहिलं ते तू केलंस की ते फिटेल. काय फिटणार होतं, मला विचारू नकोस. कमरेला बांधलेले चाळ, ना ताल ना बोल, तशी अक्कल माझी."

तिने गळ्यातली दोरे कापायची कात्री पुढे ओढली आणि ती उसवायला बसली. एक टाका, दुसरा टाका. सोन्याचा बारीक भुगा तिच्या मांडीवर पडू लागला. कुणी तिला थांबवलं नाही. चार दिवस भरलेलं उसवायला पाव तासही लागत नाही. दोरा निघाला तरी साटिनवर सुईची भोकं राहिली, आकड्याच्या आकाराची. भोकं राहतातच.

बारक्या स्वतःच्या बांधलेल्या हाताकडे बघत होता. मग त्याने दातांनी टोक ओढलं आणि पट्टी सोडायला सुरुवात केली, आठव्यापासून मागे.

"मास्तर," अक्का मान वर न करता म्हणाली, "पस्तिशीच्या माणसाला कळव, डावा हात आता खुशाल खाली ठेव म्हणावं."

मास्तर रिंगच्या पायरीवर बसला. त्याचे खांदे उतरले तेव्हा तो एकाएकी सात लढतींपैकी पाच हरलेला माणूस दिसायला लागला. तो म्हणाला, "आता मी लोकांना काय सांगू?"

"सांग की माझं झालं," अक्का म्हणाली. "दोनच शब्द आहेत. पोराला जमले."

"आणि माझं चाळीस?" जावयाने विचारलं. "बारा फूट कापड. रंग पक्का आहे, धुतला तरी जाणार नाही."

"तुम्हाला पुढच्या महिन्यात कितवं लागतंय, जावईबुवा?"

जावयाने मनात हिशेब केला आणि त्याचा चेहरा पडला. "चाळिसावं."

"मग लावा की दारावर. घरात कुणीतरी चाळीस करणार होतंच. आबांना कोण करील ते सांगायचं राहून गेलं."

सूनबाई हसली, त्या दिवशीचं पहिलं. वहिनींनी तिच्याकडे पाहिलं आणि त्याही हसल्या, पण यावेळी कुणाच्या तोंडाकडे बघून नव्हे.

कोपऱ्यात बापूची पट्टी संपली होती. हाताचा गोळा मांडीवर ठेवून तो वाट बघत होता, आता काय करतात याची. अक्का त्याच्यासमोर जमिनीवर बसली. तिने गोळा सोडवला, अंगठा पुन्हा फासात घातला आणि पट्टी त्याच्या दुसऱ्या हातात दिली.

"म्हण," ती म्हणाली. "मी आहे बरोबर."

पहिला गं फेरा. दुसरा गं फेरा. तिसरा, अंगठ्याला वळसा. "चौथा गं फेरा," बापू म्हणाला, "तळहाती आरसा." पट्टी परत तळहाताकडे वळली. अक्काने आपला अंगठा मध्ये घातला, पट्टी अडवली आणि बोटांच्या बेचक्यात वळवून दिली. बापूने खाली पाहिलं. त्याच्या कपाळावर आठी पडली, खूप जुनी.

"बोटांमधून वाट," तो म्हणाला.

मग सहावा. "सातवा गं फेरा, माघारी ये घरी." मनगटाशी येऊन तो थांबला आणि बारक्याकडे बघून त्याने विचारलं, "तुझी लढत कधी आहे?"

"झाली, बापू."

"जिंकलास?"

"हो."

"किती झाल्या?"

बारक्याने मास्तरकडे पाहिलं. मास्तर स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"एकोणचाळीस."

बापूने विचार केला. आकडा मनात कुठे ठेवावा ते त्याला समजेना. तिथल्या बरण्यांवर कुणी चिठ्ठ्या लावल्या नव्हत्या. त्याने टोक खोचलं.

"पुरे करी," तो म्हणाला.

आणि मग रिवाज आठवून त्याने उजवा हात पुढे केला. डावा ज्याचा त्याने, उजवा घरच्याने. बारक्या गुडघ्यांवर सरकत पुढे आला, आपल्या हातावरून सोडलेली पट्टी त्याने बापाच्या हाताला लावली आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायला लागला. पहिला. दुसरा. तिसरा, अंगठ्याला वळसा.

चौथा आला. तळहाती आरसा.

तिथे त्याला थोडा वेळ लागला, आणि त्या घरात कुणी हसलं नाही.